पाहुणीचे तास

सोमवार, ३ फेब्रुवारी

लंबू,

तीन वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे सुरुवात कुठून करावी कळत नाही, म्हणून ऑफिसातूनच करते. आज सकाळच्या टपालात वैद्यकीय मंडळाचा लिफाफा आला. ‘आपल्या कंपनीतील खालील केबिन क्रूची बावीस वर्षांची रेडिएशन नोंद पाठवावी. आजार रक्ताचा असून तो नोकरीमुळे झाल्याचा अर्जदाराचा दावा आहे.’ नाव नव्हतं, नुसता कर्मचारी क्रमांक होता. शेवटचे चार आकडे वाचले आणि हातातला कप मी टेबलाऐवजी हवेत ठेवला. अजून फायलींना चहाचा वास येतोय.

सख्ख्या बहिणीचा आजार बहिणीला टपालातून कळावा, तोही आवक क्रमांकासकट! यात तुझी चूक नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही मला कळवलं नसतं.

कशी आहेस? औषधं कुठली चालू आहेत? सोबतीला कोण असतं? उत्तर देणार नाहीस, माहीत आहे, तरी विचारते.

नोंदीची काळजी करू नकोस, ती माझ्याच हातची आहे. आमच्या खोलीला तू ‘ऊन मोजायचं दुकान’ म्हणायचीस, आठवतं? अजून तीच खोली, तीच दोन टेबलं, खिडकीतून दिसणारा कॅन्टीनमागचा तोच गळका नळ. विमान किती उंचावरून गेलं, ध्रुवाच्या किती जवळून गेलं, किती तास गेलं, यावरून वरून येणाऱ्या किरणांचा आकडा काढायचा आणि विमानात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर टाकायचा. तुमच्या अंगावर कुठलं यंत्र नसतं. जे काही आहे ते माझ्या कागदावर. वर्षाचा आकडा सहाच्या वर गेला की दरवर्षी रक्ततपासणी करायची आणि ध्रुवाकडचे मार्ग कमी करायचे. सहाच्या आत असला की ‘काळजीचे कारण नाही’ असा माझा शिक्का.

तुझा आकडा बावीस वर्षांत एकदाही सहाच्या वर गेलेला नाही. सगळ्यात जास्त पाच पूर्णांक सहा. कागद व्यवस्थित आहेत, आज संध्याकाळीच पाठवते. माझ्या बाजूने काही अडणार नाही.

एकच विचारायचं होतं, सहजच. गेल्या तीन-चार वर्षांत कंपनीने तुझं रक्त कधी तपासलं होतं का?

— बुटकी

(आधी ‘ताई’ अशी सही केली होती. खोडली.)


रविवार, ९ फेब्रुवारी

लंबू,

नोंद गेली. पोच आली. तुझं काही आलं नाही, ते अपेक्षितच होतं.

आज घर आवरत होते. अप्पांच्या खोलीच्या चौकटीवर आपल्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत. रंग देणाऱ्याला मी तेवढा भाग सोडायला लावला, तर तो म्हणाला, “बाई, हे तर विद्रूप दिसेल.” म्हटलं, दिसू दे. माझ्या खुणा चौदाव्या वर्षी थांबतात आणि तू मात्र दुधी भोपळ्याच्या वेलासारखी वर चढत गेलीस. अप्पांना स्टूल घ्यावं लागायचं.

आपण दोघी एकाच दिवशी मुलाखतीला गेलो होतो. भिंतीवर रेघ होती, टाचा उचलून तिला हात टेकवायचा होता. तुझा तळवा टेकला. माझी बोटं दोन बोटं खाली राहिली. तिथल्या बाईंनी दोनदा संधी दिली, मी जीव खाऊन ताणलं, पण दोन बोटं ती दोन बोटंच. अप्पा म्हणाले, “काही बिघडत नाही. एक वर, एक खाली. दोघी मिळून विमान सांभाळा.” मग मला मोजणीत जागा मिळाली आणि मी सांभाळत बसले. मला हेवा वाटायचा का, असं तू कधी विचारलं नाहीस. वाटायचा. ड्युटीवरून येऊन तू बादलीत पाय सोडून बसायचीस, घोटे कोहळ्याएवढे सुजलेले, आणि मला तुझ्या त्या बुटांचा हेवा वाटायचा.

खरं म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं एक वाक्य परत घ्यायचं आहे. हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावरचं. अप्पा आत, मी सोळा दिवस तिथेच, आणि तू एकोणीस तासांसाठी आलीस आणि गणवेशातच बाकावर बसल्या बसल्या झोपलीस. मी तुला गदागदा हलवून उठवलं आणि म्हटलं, “झोपायला आलीस का इथे? तुझं काय, तू पाहुणी. आलीस, बसलीस, चाललीस.”

तू बॅग उचललीस. दोन दिवसांनी अप्पा गेले तेव्हा तू हवेत होतीस.

तो शब्द तूच मला शिकवला होतास. गणवेश घालून, पण प्रवाशाच्या खुर्चीत बसून दुसऱ्या गावच्या ड्युटीला निघालेलीला तुम्ही क्रूवाले पाहुणी म्हणता. काम नाही, ट्रॉली नाही, नुसतं जाऊन पोचायचं. “आज पाहुणचार आहे,” असं तू फोनवर हसत सांगायचीस. तोच शब्द मी बरोबर उचलला. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला त्या दिवशी दात होते.

— बुटकी


मंगळवार, १८ फेब्रुवारी

लंबू,

मंडळाच्या पत्राची प्रत आमच्याकडेही आली. मी ती चार वेळा वाचली. ‘अर्जदाराची मात्रा सर्व वर्षांत मर्यादेत असल्याने वार्षिक रक्ततपासणी कंपनीवर बंधनकारक नव्हती. सबब दावा प्रथमदर्शनी टिकत नाही. अंतिम सुनावणी २८ मार्च.’

सोबत तुझ्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली होती. हा आजार किरणांमुळेच झाला असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे. पण पुढे असंही लिहिलं आहे, की दोन वर्षांपूर्वी एक साधी रक्ततपासणी झाली असती तरी तो पहिल्या पायरीवर सापडला असता. आता तिसऱ्या पायरीवर आहे.

दावा मान्य झाला तर उपचार कंपनीकडे आणि नोकरी शाबूत. नाही झाला तर मे महिन्यात ‘वैद्यकीयदृष्ट्या अपात्र’ म्हणून तुला घरी बसवतील आणि पुढचं तुझं तू. म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर आलं. माझ्या.

तुला एक सांगायला हवं. त्या आकड्यात तुझे पाहुणीचे तास नाहीत.

पाच वर्षांपूर्वी कंपनीने लांबची विमानं आपल्या गावाहून हलवली. तेव्हापासून तुझी प्रत्येक ड्युटी अशी, की आधी सहा तास पाहुणी म्हणून जायचं, मग ध्रुवाच्या बाजूने अकरा तास उभं राहून काम, तशीच परत अकरा, आणि मग सहा तास पाहुणी म्हणून घरी. रोस्टरवर त्या सहा तासांपुढे नुसतं ‘पा’ लिहिलेलं असतं. आमचं हिशेबाचं यंत्र ‘पा’ दिसलं की ती ओळ सोडून देतं. यंत्राला तसंच शिकवलं आहे.

हे मी साहेबांना विचारलं होतं, चार वर्षांपूर्वी, तोंडी. म्हटलं, “साहेब, पाहुण्यांना किरण लागत नाहीत का?” साहेब म्हणाले, “त्या वेळात त्या काम करत नाहीत, आराम करतात. आरामाची नोंद आपण ठेवतो का?” आणि हसले. मीही हसले. साहेब हसले की हसायचं असतं.

आरामाचं म्हणशील तर पाय पसरायला जागा नाही, बूट काढायची परवानगी नाही, शेजारचा प्रवासी गणवेश बघून पाणी मागतो, आणि उतरल्यावर दोन तासांत परत उभं राहायचं. हा आराम.

तेव्हा चूक यंत्राची आहे, नियमाची आहे आणि साहेबांची आहे. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

— बुटकी


रविवार, २ मार्च

लंबू,

मागचं पत्र टाकून आल्यापासून झोप लागत नाही. शेवटचं वाक्य वाचून तू हसली असशील. लहानपणी बरणी मी फोडायची आणि नाव मांजराचं सांगायचं. आपल्याकडे मांजर नव्हतं, तरी सांगायचे.

खाई त्याला खवखवे. म्हणून आता खरं लिहिते.

अप्पा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात वर्षअखेरीचे कागद निघाले. प्रत्येकाचा एक. तुझ्यावर पाच पूर्णांक सहा. शिक्का मारायला हातात घेतला आणि काय वाटलं कोण जाणे, मी तो उलटा केला, रोस्टर काढलं आणि तुझे ‘पा’ मोजले. एकूण ऐंशी. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने बेरीज मांडली. पाच पूर्णांक सहा अधिक एक पूर्णांक आठ. सात पूर्णांक चार.

माझ्यासमोर तो आकडा होता, लंबू. तीन वर्षांपूर्वी. साहेबांनी नाही, यंत्राने नाही, मी काढलेला. तो घेऊन वर गेले असते तर निदान तुझं रक्त तरी त्या उन्हाळ्यात तपासलं गेलं असतं.

मी खोडरबर घेतलं आणि तो पुसला. शिक्का मारला. ‘काळजीचे कारण नाही’. फायलीत लावला.

का, ते सांगते. सहाच्या वर गेलीस म्हणजे तुझे लांबचे मार्ग जाणार, तुला जवळच्या फेऱ्या मिळणार. आणि तू म्हणणार, बुटकीने सूड घेतला, स्वतःला उडता आलं नाही म्हणून मला खाली ओढलं. आपलं बोलणं बंद होतं, मी समजावणार तरी कशी? मला भीती वाटली. नुसती भीती. तू मैत्रिणींना सांगायचीस ना, “माझी बहीण मोजते, ती चुकायची नाही.” ते मला ठाऊक होतं. मी चुकले नाही. बेरीज अगदी बरोबर होती.

उद्या मी मंडळाला नवा कागद पाठवते आहे, पाहुणीच्या तासांसकट, माझ्या सहीने. साहेबांना विचारणार नाही. वरातीमागून घोडं, पण माझ्याकडे दुसरं जनावर नाही.

— बुटकी


गुरुवार, १३ मार्च

लंबू,

तुझं कार्ड मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून जिन्यातच बसले. आत तीन शब्द. ‘बाकीच्यांचं काय, ताई?’

‘ताई’ शब्द मोजला तर तीन. मी मोजला.

बाकीच्यांचं मी काहीच केलं नव्हतं. तुझा कागद दुरुस्त केला आणि स्वतःला फार मोठी समजले. रोस्टरवर ‘पा’ लिहिलेल्या अजून एक्केचाळीस जणी आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असेल तर मी त्याकडे कानाडोळा केला. तू तिसऱ्या पायरीवर उभी राहून त्यांची आठवण काढलीस आणि मी रोज त्यांची रोस्टरं हाताळते.

आठ दिवस झाले, घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसते. रोस्टरच्या प्रती पिशवीतून आणते, वर भाजी ठेवून. एक्केचाळीसपैकी चौदा सहाच्या वर जातात. त्यातली एक मागच्याच वर्षी बाळंत झाली. दिवस आहेत असं तिने सांगितल्यावर तिचं विमानातलं काम बंद केलं होतं, पण तोवरचे तिचे ‘पा’ कुणीच धरले नाहीत. तिचं आणि बाळाचं बरं आहे, चौकशी केली. तिच्या कागदावर माझाच शिक्का आहे.

साहेबांना कळलं. मंडळानेच कंपनीला कळवलं. त्यांनी दार लावलं, मला बसायला सांगितलं, हे वाईट लक्षण. म्हणाले, “मोजणीबाई, तुम्ही बावीस वर्षं इथे आहात. झाकली मूठ होती.”

म्हटलं, “साहेब, मुठीत माणसं होती.”

“तुमचा कागद अधिकृत नाही. आम्ही मंडळाला तसं लिहितोय.”

“लिहा.”

“आणि उद्यापासून येऊ नका. चौकशी होईपर्यंत.”

किल्ल्या दिल्या. नळाकडे एकदा बघून घेतलं. निघताना एक गोष्ट मात्र केली, तुझा जुना कागद, तो शिक्क्याचा, फायलीतून काढून ब्लाउजमध्ये घातला. बावीस वर्षांत ऑफिसची टाचणी घरी आणली नव्हती मी.

आज मंडळाचं पत्र आलं. कागद करणाऱ्या व्यक्तीने २८ तारखेला स्वतः हजर राहून शपथेवर सांगितल्याशिवाय तो धरता येणार नाही. तुझी लांबची विमानं सुटायची आणि आता तुझे उपचार चालू आहेत त्या गावाला, म्हणजे विमानाने सहा तास. तुला ठाऊक आहे, मी जन्मात विमानात बसलेली नाही. ती दोन बोटं कमी पडली त्या दिवशी शपथ घेतली होती, की काम करता येत नसेल तर बसायचंच नाही. नाकावर राग, आणि नाक एवढंसं.

तिकीट काढलं आहे.

— बुटकी


गुरुवार, २७ मार्च
(विमानातून)

लंबू,

एकतिसावी रांग, मधली खुर्ची. अक्षर हलतंय ते विमानामुळे. थोडं माझ्यामुळे.

आकाश दिसेल म्हणून इतकी वर्षं जीव टांगला होता, तर खिडकीतून नुसता पांढरा उजेड आणि पुढे खुर्चीची पाठ. हवा इतकी कोरडी की ओठ सोलून निघालेत. तुम्ही लोक यात अकरा-अकरा तास हसता कसं?

खिडकीच्या खुर्चीत तुमच्यातलीच एक मुलगी आहे. गणवेश घातलेला, गळ्यात ओळखपत्र. विमान सुटायच्या आधीच झोपली. पाहुणी. बूट पायांतून अर्धे निघालेत, घोटे तुझ्यासारखे. मान एकदा काचेवर, एकदा माझ्या खांद्यावर. ट्रॉली आली. ट्रॉलीवालीने मला विचारलं, “चहा की कॉफी?” आणि तिला उठवायला हात पुढे केला. मी म्हटलं, “नको, झोपू द्या.”

आणि मग मला तो बाक दिसला.

तू अप्पांपाशी झोपायला आली नव्हतीस. अकरा तास उभी राहून, सहा तास अशी मान टाकून, तशीच हॉस्पिटलात आली होतीस. विश्रांतीच्या एकोणीस तासांतून तू आमच्यासाठी वेळ काढला होतास. मोजणारी मी आहे, रोस्टर माझ्यासमोर होतं, आणि मी तेवढंसुद्धा मोजलं नाही. उलट हलवून उठवलं.

ही मुलगी आता माझ्या खांद्यावर आहे. खांदा बधिर झालाय, पण हलवत नाही. माझा डावा हात मोकळा नाही म्हणून कागद सरकतोय. या सहा तासांचं तिच्या नावावर आज कुणी काही लिहिणार नाही, म्हणून मी तिच्या ओळखपत्रावरचा क्रमांक उतरून घेतला. बेचाळिसावी. एक्केचाळीस जणींत ती नव्हती, नवी असेल.

उद्या तू सुनावणीच्या खोलीत असशील ना? असलीस तर माझ्याकडे बघायची जबरदस्ती नाही.

— बुटकी


रविवार, ३० मार्च

लंबू,

तू तिथे होतीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. तरी लिहिते. तिथे जे बोलले ते आधी तुला पत्रात लिहायला हवं होतं, आणि ते मी लिहिलं नव्हतं.

कंपनीच्या वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तेव्हाच कळलं की घोडं कुठे पेंड खाणार. “अर्जदाराशी आपलं नातं?”

“बहीण.”

“सख्खी?”

“सख्खी.”

“म्हणजे बहीण आजारी पडली आणि अचानक आपल्याला पाहुणीचे तास आठवले. आकडा सहाच्या वर गेला. बहिणीवर एवढं प्रेम असणं स्वाभाविकच आहे, बाई. कौतुकच आहे.”

खोलीत दोघं-तिघं हसले. तू खाली बघत होतीस. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्यांनाही ते पटतंय. का पटू नये? कुणालाही पटेल. माझं सगळं खरं, माझ्या एका नात्यामुळे खोटं ठरत होतं.

मग मी ब्लाउजमधला तो कागद काढला. अध्यक्षबाईंना म्हटलं, हा उलटा करून खिडकीकडे तिरका धरा. त्यांनी धरला. पेन्सिल पुसली तरी तिचा दाब कागदावर राहतो. मी बेरीज नेहमी दाबून लिहिते. अप्पांची सवय, चौकटीवर ते तशाच खुणा करायचे. अध्यक्षबाईंनी हळूहळू वाचलं. पाच पूर्णांक सहा. अधिक एक पूर्णांक आठ. सात पूर्णांक चार. खाली तारीख, तीन वर्षांपूर्वीची.

“हे तुम्हीच लिहिलंत?”

“हो.”

“आणि पुसलंत कुणी?”

“मीच.”

“का?”

भीती वाटली म्हणून, असं तुला लिहिलं होतं. तिथे तेच सांगणार होते, पाठ करून गेले होते. पण वकील हसत होते. भीतीचा अर्थही त्यांनी प्रेमच लावला असता. आणि शपथ घेतली होती.

म्हटलं, “राग होता म्हणून. आमचे वडील गेले तेव्हा ही आली नाही, असं मला वाटत होतं. हिचा आकडा सातच्या वर दिसला, आणि माझ्या मनात आलं, राहू दे. पाहुणी आहे ना, पाहुण्यांचं कोण मोजतं. मी अगदी तेवढंच म्हटलं मनात, आणि पुसलं. प्रेमापोटी आकडा वाढवलेला नाही, वकीलसाहेब. रागापोटी लपवला होता. तीन वर्षं आम्ही बोललेलो नाही, विचारा तिला.”

कुणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी तुला विचारलं, “हे खरं आहे?”

तू म्हणालीस, “बोललो नाही, हे खरं आहे.”

बाकीच्याबद्दल तू काही म्हणाली नाहीस. तुला माझं पत्र वाचतानाच कळलं होतं का? की त्या क्षणी कळलं? मला तुझ्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. भीती होती हे खोटं नाही, पण ती नंतर आली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिल्यांदा राग होता. आता हे लिहून झालं, याच्या खाली काही उरलेलं नाही.

त्यांनी कागद दाखल करून घेतला. दुपारी तोंडी निकालही सांगितला, कंपनीने तपासणी करायला हवी होती आणि केली नाही, दावा मान्य. मी सोबत दिलेल्या यादीतल्या त्या बेचाळीस जणींचं रक्त महिन्याभरात तपासायचं. माझ्यावर वेगळी चौकशी बसेल, बसावीच. तुझी तीन वर्षं मात्र कुठलं मंडळ परत देणार नाही. मी खोलीबाहेर आले.

कॉरिडॉरच्या टोकाला, चहा-कॉफीच्या यंत्रापाशी तू उभी होतीस. डोक्याला निळा रुमाल. केवढी वाळली आहेस गं, उंची मात्र तेवढीच. मी जवळ आले तरी तू यंत्राकडेच बघत होतीस. मग तुमच्या त्या ड्युटीच्या आवाजात विचारलंस, “चहा की कॉफी?”

एकतिसाव्या रांगेत विचारतात अगदी तसंच. मी म्हटलं, “चहा.” मनात म्हटलं, बरोबर आहे, पाहुणीला असंच विचारतात.

तू कप लावलास. साखरेचं बटण दोनदा दाबलंस. कप माझ्या हातात दिलास आणि जिन्याने खाली गेलीस, कठड्याला धरून.

मला दोन चमचे साखर लागते हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचा अर्थ मी लावत नाही. मला अर्थ लावायची फार हौस होती, त्यातूनच हे सगळं झालं. चहा गार झाला तरी सगळा प्यायले.

तुझी पुढची तपासणी आठ तारखेला सकाळी आहे, असं मंडळाच्या कागदात वाचलं. मी परत गेलेले नाही, स्टेशनाजवळ खोली घेतली आहे. आठ तारखेला हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर बसून असेन. आत बोलवू नकोस, तशी अपेक्षाही नाही. मला तिथे झोप लागली, तर हलवून उठव आणि तुला हवं ते बोल.

— बुटकी